पान दुमडू नये

एप्रिलात नळाला चौथ्या दिवशी पाणी,
आणि वाचनालयात एका कार्डावर एकच पुस्तक.
मी तीन कार्डं काढलीत:
माझं, नवऱ्याचं,
आणि धाकट्या जावेचं, जिला अक्षर बघितलं की जांभई येते.
आळगीकाकांना सगळं माहीत आहे.
ते शिक्का मारतात आणि खिडकीबाहेर बघतात.

सुरुवात एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या आठवणींनी.
चाळीस वर्षं समुद्रावर, आणि निम्मं पुस्तक कांद्याबद्दल:
कुठल्या बंदराचा टिकतो, कुठला आठ दिवसांत सडतो.
दुपारी टॉवेलच्या कडा शिवताना,
डोक्यावर पत्रा तडतडत असताना,
माझ्या पायाखालची फरशी जरा कलली.
शेजारच्या मशीनवरून नागमणी म्हणाली,
झोप लागली का काय गं?
म्हटलं, नाही, लाट होती.

मग खुनाची कादंबरी.
शेवटची सोळा पानं कुणीतरी फाडून नेलेली.
शेंगाचटणी बांधायला नेली असतील, काका म्हणाले.
तेव्हापासून बाळीवेसेतून आणलेली पुडी
मी आधी वाचते, मग सोडते.
आतापर्यंत सापडलं ते एवढंच:
एक मुंज, दोन निविदा,
भूमितीच्या पेपरातलं अर्धं वर्तुळ.
खुनी मोकळाच आहे.
माझा संशय डॉक्टरवर.

सगळे वाखाणतात ती जाड कादंबरी
एकशे बाराव्या पानावर सोडली.
नायक खिडकीत उभा होता, उदास.
उभा राहू दे. माझं पाणी आलं होतं.

कवितांच्या एका पुस्तकात
समासात पेन्सिलीने तीनदा लिहिलेलं, खोटं.
आणि एकदाच, हे मात्र खरं.
ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली,
मला काही तेवढी खरी वाटली नाही.
पण काकांनी पावती लिहिली तेव्हा
त्यांच्या र ची शेपटी तशीच वर वळली.
मी पावती घडी घालून ठेवली. बोलले नाही.

महिन्याच्या शेवटी वाचलं ते वाचनालयातलं नाही.
घरात आम्ही तेलुगू बोलतो,
भांडतो, उष्टं काढतो, देवाला शिव्या देतो तेलुगूत.
पण शाळा मराठी. डोळ्यांना ती भाषा येत नव्हती.
आईच्या ट्रंकेतली वही तीन वर्षं
मी नुसती झटकून परत ठेवत होते.
पूर्व भागातल्या रद्दीवाल्याकडे बालपुस्तक मिळालं, सात रुपये.
अ अम्माचा, आ आवूचा.
एकोणचाळिसाव्या वर्षी बोट ठेवून, ओठ हलवत,
रात्री दिवा लावला की जाऊ हसायची.

वहीत रोज एक ओळ.
हजार. नऊशे चाळीस. हजार.
छाट साठ. पान कोरडं आलं. तंबाखू कमी दिला.
हजार.
समुद्र नाही, खून नाही,
पानामागून पान बिड्याच बिड्या.
मला वाटलं, हीसुद्धा सोडावी.
मग एका गुरुवारी:
आज सहाशेच. मुलगी धडा वाचत होती.
ऐकत बसले. निम्मं कळलं.

कुठला धडा, ते लिहिलेलं नाही.
मी खूप आठवून पाहिलं.
दुसऱ्या दिवशी परत हजार.

तीस तारखेला पुस्तकं परत केली.
काकांनी आचाऱ्याचं पुस्तक चाळलं,
एका कांद्यापाशी थांबले,
आणि आतल्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं:
पान दुमडू नये.
म्हटलं, घरचीच सवय आहे, काका.
पाच रुपये दंड.
सुट्टे मोजता मोजता विचारलं,
मधमाश्यांवरचं काही आलंय का?